पांढरी पिओनी कुठली?

मी शांत बाई नाही. बस चुकली तरी माझा आवाज चढतो आणि बस मिळाली तरी चढतो. त्यामुळे त्या जूनमध्ये आमच्या मागच्या अंगणात पांढरी पिओनी उमलली, तेव्हा मी सकाळी सकाळी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या घराची वरची खिडकी उघडली. शेजाऱ्याने डोकं बाहेर काढून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक काय विचारता, पांढरं आलंय! त्याने मान डोलावली आणि खिडकी लावून घेतली. इकडची माणसं जास्त चौकशी करत नाहीत, हे माझ्या पथ्यावरच पडतं.

त्या फुलाची वाट मी एकटी बघत नव्हते. नेदरलँड्सच्या दक्षिणेत बेस्ट नावाच्या गावातलं हे घर आम्ही एका आजीबाईंकडून घेतलं. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, जन्मभर शाळेत व्यायाम शिकवलेला. तोंडावर आम्ही त्यांना मेफ्रौ म्हणायचो, म्हणजे बाई. घरात आपलं आजीबाई. घर विकून त्या गावातच एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या होत्या, पण तो मुक्काम तात्पुरता होता. त्यांची थोरली बहीण पार उत्तरेला, ग्रोनिंगनमध्ये एकटी राहायची आणि तिची नजर दर वर्षी थोडी थोडी जात होती. आजीबाई तिच्याजवळ कायमच्या राहायला जाणार होत्या. जाताना त्यांना आमच्या अंगणातली एकच गोष्ट न्यायची होती, पांढऱ्या पिओनीचा गड्डा.

ज्यांनी पिओनी पाहिलेली नाही त्यांना सांगते. फूल ओंजळभर, पाकळ्या इतक्या गच्च की मोजायला बसलात तर जेवण राहील. हिवाळ्यात जमिनीवरचं झाड पार मरून जातं, खाली गड्डा तेवढा जगतो आणि मार्चमध्ये त्यातून लाल कोंब वर येतात. तर हा पांढरा गड्डा मुळातला आजीबाईंच्या आईचा. ग्रोनिंगनच्या बाजूला त्यांचं शेतघर होतं, त्याच्या दाराशी तो होता. लग्न होऊन दक्षिणेत येताना आजीबाईंनी त्याचा वाटा आणला. पुढे शेतघर विकलं गेलं, पाडलंही गेलं. बहिणीने एकदा फोनवर सहज म्हटलं, नजर पुरती जायच्या आत आईचं फूल दाराशी बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. सहज म्हटलेलं आजीबाईंनी मनावर घेतलं.

"हलवलेली पिओनी एक-दोन वर्षं रुसते," त्या मला म्हणाल्या होत्या. "माझ्या बहिणीकडे रुसवे काढायला वेळ नाही. एकदाच न्यायची, आणि तीच न्यायची."

अडचण 'तीच' मध्ये होती. घर विकायच्या आधी आजीबाईंनी मागचं कुंपण नवं करून घेतलं. कामगारांनी आड येणारी सगळी पिओनीची झुडपं उपटून बाजूला ठेवली आणि काम झाल्यावर हाताला येतील तशी परत लावली. आठ-दहा झुडपं, गुलाबी, लाल आणि त्यात एकच पांढरं. पाला सगळ्यांचा सारखा. वर ती सगळीच्या सगळी रुसली. आम्ही राहायला आलो त्या वर्षी फूल नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन जाऊन त्यांना दटावायचे. आणि मग त्या जूनमध्ये एकदम सगळ्यांनी तोंडं उघडली, आणि रांगेत मधेच कुठेतरी ते पांढरं, पाकळ्यांच्या पोटात लाल शिंतोडे असलेलं. आजीबाईंनी वर्णन केलं होतं अगदी तस्संच.

आजीबाई नेमक्या तेव्हा बहिणीच्या डोळ्यांच्या तपासण्यांसाठी ग्रोनिंगनला होत्या. मी त्यांना इतके फोटो पाठवले की शेवटी त्यांचं उत्तर आलं, पुरे, माझा फोन भरला. सगळे फोटो फुलाच्या नाकात कॅमेरा घालून काढलेले. मी कधी लांबून फोटो काढते का? गड्डा काढायचा तो सप्टेंबरात, उन्हाळ्यात हलवला तर मरतो, म्हणून तोवर झुडूप ओळखू यावं अशी खूण करायची वेळ आली. आधी मी काठीला पट्टी लावून मार्करने लिहिलं, ते पहिल्याच पावसात धुऊन गेलं. दोरी बांधली तर नवऱ्याने गवत कापताना ती यंत्रात ओढून घेतली आणि वर मलाच विचारलं, ही दोरी कसली? तेव्हा मी डोकं लढवलं. आजीबाईंनी शेडमध्ये एका बादलीत पांढरे गुळगुळीत खडे ठेवलेले होते. त्यातले नितळ खडे निवडून मी त्या झुडपाच्या बुंध्याशी गोल मांडले. पावसाने धुवू दे, वाऱ्याने उडवू दे. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

फुलं झडली आणि खरं काम सुरू झालं. लोकांना वाटतं फूल गेलं की झाड संपलं. उलट! पिओनीचं पुढच्या वर्षीचं फूल याच उन्हाळ्यात, जमिनीखाली, गुपचूप तयार होतं, आणि त्याला पोसतो तो पाला. हे वाचलं त्या दिवसापासून मी त्या पाल्याच्या मागे हात धुऊन लागले. वाळलेली फुलं पहिल्या पानापर्यंत कापायची, म्हणजे झाड बिया धरत बसत नाही. पाला मात्र पिवळा पडून मान टाकेपर्यंत तसाच ठेवायचा. पाणी द्यायचं पण चिखल करायचा नाही. बुंध्याशी मातीचा ढीग करायचा नाही, गड्डा खोल गेला की नुसती पानं येतात. ऑफिसला निघताना सायकल दाराशी लावून मी मागे एक फेरी मारायची, आणि ऑफिसातून आल्यावर हेल्मेटसकट दुसरी. नवरा म्हणायचा, माझ्याकडे कधी इतकं वाकून बघितलं नाहीस. मी म्हणायचे, तुझा पाला पिवळा पडायला लागला की बघेन.

जुलैत सासूबाई आल्या. सासरे पुण्यातच राहिले, त्यांचा ब्रिजचा कट्टा त्यांना सोडत नाही. सासूबाई तीन महिन्यांचा व्हिसा, गोडा मसाला, मेथीचं आणि कोथिंबिरीचं बी घेऊन उतरल्या. दुसऱ्या दिवशी मागे जाऊन कमरेवर हात ठेवून त्यांनी वाफा नजरेखालून घातला.

"हे काय गं?"

"पिओनी आहेत, आई. मागच्या महिन्यात काय फुलल्या होत्या म्हणून सांगू!"

"मागच्या महिन्यात ना? मग आता कशाला जागा अडवून बसल्यात? उपटून टाक. एवढ्या जागेत पावसाळाभर पुरेल एवढी मेथी होईल."

इथे पावसाळा वेगळा नसतो, बारा महिने असतो, हे मी सांगितलं नाही. पण पाल्यावरून मी जे भाषण ठोकलं ते बहुतेक पुण्यापर्यंत ऐकू गेलं असावं. या पानांना हात लावायचा नाही. पिवळं दिसलं तरी तोडायचं नाही. माती चढवायची नाही, चहाचा चोथा घालायचा नाही, तांदळाचं धुवण ओतायचं नाही. आणि मग त्या बहिणीची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. त्यांच्या स्वतःच्या आईला शेवटी दिसत नव्हतं. त्यांनी मेथी घमेल्यांत पेरली आणि त्या दिवसापासून वाफ्याची राखण त्यांनी माझ्यापेक्षा कडक केली. कुणाचं मांजर पानांत शिरलं तर त्या चप्पल घेऊन धावायच्या आणि शुद्ध मराठीत त्याची खरडपट्टी काढायच्या. ते मांजर पुढे आमच्या कुंपणावरसुद्धा बसेनासं झालं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर आला, गणपती बसले. आमच्याकडे गौरी असतात त्या खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावर जायचं, तिथल्या जागेची हळदकुंकू-अक्षता वाहून पूजा करायची, मग खडे तबकात घ्यायचे आणि घरी यायचं. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, मागून एकाने घंटा वाजवत चालायचं. दरवर्षी हे काम मी करायचे. त्या वर्षी आवाहनाच्या दिवशी आइंडहोवनला ऑफिसात माझं असं काही काम अडकलं की सुट्टी मिळेना. सासूबाई म्हणाल्या, तू जा, मी आहे की. नवरा घरूनच काम करत होता, घंटेला माणूस होता. मी निर्धास्त गेले.

संध्याकाळी आले तर घरात भाजी-भाकरीच्या नैवेद्याचा वास, समई लागलेली, गणपतीशेजारी तबकात गौरी. मी हातपाय धुऊन नमस्काराला वाकले. खडे फार सुंदर होते. पांढरे, गुळगुळीत, नितळ. कपाळ जमिनीला टेकलेलं असतानाच मला ते ओळखीचे वाटले.

"आई, गौरी कुठून आणल्या?"

"अगं, कालव्यावर गेलो होतो आम्ही. पण तुमच्या कालव्याचा काठ म्हणजे नुसता लोखंडी पत्रा! खडा म्हणून दिसेना. मग विचार केला, मागे पावसाच्या पाण्याचं पिंप आहे, तोच आपला पाणवठा. आणि काय सांगू, त्याच्या पलीकडेच झुडपात गौरी मांडून ठेवल्यासारख्या! गोल बसल्या होत्या गं. माझ्या अंगावर काटा आला."

काटा आता माझ्या अंगावर आला होता. गौरीसमोर किंचाळता येत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन किंचाळले. सासूबाई मागून आल्या. मी सांगितलं, ते खडे म्हणजे पांढऱ्या झुडपाची खूण होती. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पाला राख म्हणालीस, पाला राखला," त्या हळूच म्हणाल्या. "खडे राख म्हणाली नव्हतीस."

हे शंभर टक्के खरं होतं, त्यामुळे माझा राग आणखी वाढला आणि तो साहजिकच नवऱ्याकडे वळला. तो घंटा वाजवत मागेच होता ना? कुठल्या झुडपातून उचलले ते त्याने बघितलं असेलच! तर कळलं की साहेबांच्या कानात मीटिंग चालू होती. माइक बंद करून उजव्या हाताने घंटा वाजवत होते आणि डाव्या हातातल्या फोनवर कुणाचा तरी तक्ता बघत होते.

"अरे पण एकदा विचारायचं तरी, आई हे खडे इथे कसे?"

"बोलायचं नसतं ना!" तो म्हणाला. "आणि ती तरी कुठे बोलली?"

हेही खरं होतं. त्या घरात त्या दिवशी सगळे खरंच बोलत होते आणि उपयोग कशाचाच नव्हता.

माझ्या मते ते रांगेतलं चौथं झुडूप होतं. नवऱ्याच्या मते पाचवं. सासूबाई म्हणाल्या, मला सगळी सारखीच दिसतात, मी तर त्यांचं फूलही पाहिलेलं नाही. शिवाय चौथं कुठे संपतं आणि पाचवं कुठे सुरू होतं हेच कळत नव्हतं, उन्हाळाभर राखलेला पाला एकमेकांत घुसून बसला होता. फोटो काढून बघितले. फुलं, फुलं, फुलांची पोटं, एका फोटोत माझा अंगठा. मागे कुंपणाची एक फळी दिसेल तर शपथ. आणि आजीबाई त्या शनिवारी फावडं घेऊन येणार होत्या. त्यांच्या बहिणीच्या दाराशी एका झुडपापुरती मातीची पट्टी होती, बाकी सगळी फरशी. चुकीचा गड्डा गेला, तर तो फुलून लाल निघाल्यावर चूक कळणार, आणि मग नवा नेऊन पुन्हा रुसवा काढायचा. तोवर त्या बहिणीला लाल आणि पांढरं यातला फरक दिसेल याचा काय भरवसा?

मी आजीबाईंना फोन करायला उठले. खरं सांगून टाकावं, दुसरं काय. तेवढ्यात सासूबाई एकदम म्हणाल्या, "थांब. मी खडे उचलायच्या आधी जागेची पूजा केली होती."

मी फोन खाली ठेवला.

"हळदकुंकू वाहिलं. अक्षता वाहिल्या. जिथून उचलायच्या तिथेच वाहतात ना?"

मी आधी बाहेर धावले आणि मग चपला शोधायला परत आत आले. दुपारभर पावसाची भुरभुर झाली होती. सप्टेंबरातला उजेड अजून बराच होता, पण वाफ्यात हळदकुंकवाचा मागमूस नव्हता. पानं धुतलेली, वाफ्यावर पसरलेले झाडाच्या सालीचे तुकडे ओलेचिंब, तपकिरी. नवरा म्हणाला, गेलं वाहून. मी म्हटलं, कुंकू गेलं असेल, तांदूळ कुठे जाईल? गुडघ्यावर बस!

मग आम्ही तिघं त्या वाफ्यात रांगलो. सासूबाई जरीच्या साडीचा ओचा खोचून, मी ऑफिसच्या पॅंटमध्ये, नवरा कपाळाला आठ्या घालून. सालीचा एक एक तुकडा उचलायचा, खाली बघायचं, परत ठेवायचा. चौथ्या झुडपाखाली गोगलगाय निघाली. पाचव्याखाली काही नाही. इथले काळे पक्षी सबंध दिवस हेच काम करतात, सालीचे तुकडे उडवून किडे वेचतात. त्यांनी तांदूळ आधीच वेचले असतील तर काय, हा विचार माझ्या मनात आला आणि मी त्याला हाकलून दिलं. मी सारखं विचारत होते, आई, किती अक्षता वाहिल्या होत्या? त्या म्हणाल्या, अक्षता काय मोजून वाहतात का? माझा जीव नुसता थुईथुई नाचत होता, भीतीने की कशाने ते सांगता येत नाही, पण गंमत अशी की मला मजाही येत होती. इतकी वर्षं या सासूबाईंबरोबर मी दिवाळीच्या करंज्या केल्या, आजारपणं काढली, भांडलेही, पण दोघींनी मिळून एका गोष्टीसाठी असा जीव टाकला नव्हता.

"हे बघ!" त्या ओरडल्या.

सालीच्या फटीत एक तांदळाचा दाणा. पाण्याने फुगलेला, एका टोकाला अजून लालसर. त्याच्या शेजारी आणखी एक. पानाच्या खालच्या बेचक्यात चिकटलेला तिसरा. आम्ही तिघांनी मिळून बुंध्यापाशी बोट नेलं, तिथून रांग मोजली. एकदा मी मोजली, एकदा नवऱ्याने. चौथं नाही, पाचवंही नाही. ते सहावं होतं! म्हणजे आम्ही दोघांनी छातीठोकपणे सांगितलेलं दोन्ही चूक होतं. मी सासूबाईंना मिठी मारली. त्यांचे हात चिखलाने भरलेले होते, म्हणून त्या ते दोन्ही बाजूंना पसरून नुसत्या उभ्या राहिल्या आणि हसत राहिल्या. वरच्या खिडकीतून शेजारी बघत होता. या वेळी त्याने विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी आजीबाई सायकलवरून आल्या, फावडं मागे बांधलेलं. मी काहीही लपवलं नाही. खडे, गौरी, घंटा, मीटिंग, तांदूळ, सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं माझ्या मोडक्या डचमध्ये. त्यांनी कॉफी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे मला तांदळाच्या तीन दाण्यांवर विश्वास ठेवायचा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझी खात्री आहे?"

मला नेहमीच सगळ्याची खात्री असते. चौथ्याचीही होती. त्यामुळे पहिल्यांदाच माझ्या तोंडून चटकन हो निघेना. आजीबाईंनी मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंना एक शब्द कळला नव्हता, पण काय विचारलं असेल ते कळलं होतं. त्यांनी आजीबाईंचा हात धरला आणि त्यांना सहाव्या झुडपाशी नेऊन उभं केलं. आजीबाईंनी फावडं मातीत घातलं आणि त्यावर पाय दिला.

गड्डा बाहेर निघाला तेव्हा मी श्वास रोखून बघत होते. रताळ्यांचा गुंता असावा तशी मुळं, आणि वर, बुंध्याभोवती, गुलाबी टोकदार कोंब. पुढच्या वर्षाचे! सप्टेंबरातच तयार! उन्हाळाभर आम्ही ज्याच्यासाठी पाला राखला ते हे, डोळ्यांसमोर. मी इतकी आनंदाने ओरडले की आजीबाईंनी मला पाण्याची बादली आणायला पिटाळलं. गड्डा धुतला, ब्रेड कापायच्या जुन्या सुरीने त्याचे दोन वाटे केले. मोठा वाटा मी त्यांच्या पोत्यात घातला. त्या नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. ज्याच्याकडे वेळ कमी त्याला कोंब जास्त, एवढं साधं होतं ते. सासूबाईंनी पोत्याला हळदकुंकू लावलं. आजीबाईंनी विचारलं, हे खत आहे का? मी म्हटलं, तसंच समजा.

आठवड्याभरात आजीबाई ग्रोनिंगनला गेल्या आणि त्यांच्यामागोमाग सासूबाई पुण्याला.

पुढची पावणेदोन वर्षं कशी काढली ते माझं मला माहीत. हिवाळ्यात आजीबाईंनी फोटो पाठवला, बर्फाखाली गेलेली मातीची पट्टी. तो मी सासूबाईंना दाखवला आणि चूक केली. त्या दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगायच्या, अगं त्यांना सांग, गोधडी घाला त्याच्यावर, मरेल ते! मी सांगायचे, आई, त्याला थंडी लागतेच, थंडीशिवाय फूल धरत नाही. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. पहिल्या जूनमध्ये तिकडे नुसती पानं. इकडे माझ्या सहाव्याचीही नुसती पानं, एवढासा वाटा मागे ठेवलेला, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार. खोदताना मुळं दुखावली म्हणून शेजारचं चौथं-पाचवंही रुसलेलं. आजीबाई फोनवर हवापाण्याचं बोलायच्या. बहिणीचं विचारलं की म्हणायच्या, आता तिला माणसं आवाजावरून कळतात.  मी फोन ठेवून मागे जायचे आणि पाला राखायचे, दुसरं माझ्या हातात काय होतं?

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आजीबाईंचा निरोप आला की एक कळी आहे. एकच. रंग सांगता येत नाही, कळी हिरवी आणि घट्ट. त्यानंतर मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. आमच्याकडच्या लाल-गुलाबी फुलून झडल्यासुद्धा, चौथं, पाचवं, सहावं यंदाही रुसलेलीच, आणि उत्तरेकडून काही नाही. तिकडे सगळंच आठवडाभर उशिरा.

मी ऑफिसमधून सायकलवर परत येत होते, तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आजीबाई. मी सायकलच्या रस्त्यातच ब्रेक दाबला, मागचा माणूस घंटी वाजवत आणि काहीतरी पुटपुटत बाजूने गेला. पडद्यावर आधी आजीबाईंचा अंगठा, मग फरशी, मग विटांची भिंत. आणि मग पांढरं. सगळा पडदा भरून पांढरं! मी ओरडले, "आलं! आलं!" मराठीत, भर रस्त्यात. आजीबाई म्हणाल्या, श्श, थांब, तिला अजून दाखवलेलं नाही. मी तुला आधी फोन लावला, कारण मला एकटीला धीर होईना.

त्यांनी फोन कशाला तरी टेकवून उभा केला. चौकटीत एक म्हातारी बाई आली, आजीबाईंपेक्षाही बारीक, बहिणीचा दंड धरून. तिला झुडपासमोर खुर्चीवर बसवलं. ती समोर बघेना, मधलं दिसेनासं होऊन कडेचं तेवढं उरलं असावं. मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागली, मग दुसऱ्या बाजूला वळवून. आजीबाईंनी कमरेत वाकून फूल तिच्या दिशेने धरलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझ्या बाजूने सायकली जात होत्या आणि मी हॅंडल असं धरलं होतं की बोटं दुखायला लागली.

मग ती काहीतरी बोलली. त्यांच्या तिकडच्या बोलीत, कुरकुरत. आजीबाई ताठ उभ्या राहिल्या आणि तिच्यावर खेकसल्या. त्याच दमात हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पालथ्या हाताने डोळे पुसले.

"काय म्हणाल्या?" मी ओरडून विचारलं. "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणते," आजीबाई म्हणाल्या, "आईच्या दारातली यापेक्षा मोठी असायची."

मी सायकल तशीच गवतात आडवी टाकली. पुण्यात चांगली रात्र झाली होती, पण मला थांबवेना. सासूबाईंनी हॅलो म्हणायच्या आतच मी सांगून टाकलं, "आई, त्यांना दिसलं!"